फोनवरच्या भामट्यांपासून निवृत्तिवेतनधारकाची माहिती कशी राखावी

नोव्हेंबर जवळ आला, की निवृत्तिवेतनधारकांच्या घरी एका ठरावीक प्रकारचे फोन येऊ लागतात. पलीकडचा माणूस अदबीने बोलतो, आपण कोषागारातून (सरकारी तिजोरीच्या कार्यालयातून) किंवा बँकेच्या पेन्शन विभागातून बोलत असल्याचे सांगतो आणि मग समोरून कागद वाचावा तसा एकेक तपशील वाचून दाखवतो: पूर्ण नाव, नोकरीला लागल्याची तारीख, निवृत्तीची तारीख, पीपीओ क्रमांक (निवृत्तिवेतन देण्याच्या आदेशाचा क्रमांक), दरमहा जमा होणारी रक्कम, कधी कधी नामनिर्देशित व्यक्तीचे नावसुद्धा. सगळे तंतोतंत बरोबर असते. शेवटी तो एवढेच म्हणतो, की हयातीचा दाखला (निवृत्तिवेतन चालू राहण्यासाठी दरवर्षी द्यायचा, आपण जिवंत असल्याचा पुरावा) फोनवरूनच अद्ययावत करून देतो, तुमच्या मोबाइलवर आलेला सहा आकडी क्रमांक तेवढा सांगा.

या फोनला फसणारी माणसे भोळी असतात, हा समज चुकीचा आहे. आयुष्यभर दुसऱ्यांची बिले तपासलेले लेखापाल, शाळा चालवलेले मुख्याध्यापक आणि बँकेतूनच निवृत्त झालेले अधिकारीही यात सापडतात, आणि त्याचे कारण त्यांच्या नोकरीच्या सवयीतच आहे. ज्याच्या हाती सेवापुस्तकातील नोंदी, तो आस्थापना शाखेतलाच, ही कसोटी त्यांच्या काळात खरी होती, कारण तेव्हा ते सेवापुस्तक कपाटात कुलूपबंद असे. आज त्याच नोंदी अनेक संगणकांत, ई-मेलमध्ये, व्हॉट्सॲपवरील फोटोंत आणि झेरॉक्सच्या दुकानातील यंत्रात पडून असतात. म्हणून पुढील सर्व पायऱ्यांचा पाया एकच आहे: समोरच्याला आपली माहिती ठाऊक आहे, यावरून तो कोण आहे हे सिद्ध होत नाही.

आधी माहितीचे दोन ढीग करावेत

एक कागद घ्यावा आणि आपल्या नावाशी जोडलेली सगळी माहिती दोन रकान्यांत लिहून काढावी. (आकडे लिहू नयेत, केवळ नावे लिहावीत; हा कागद टेबलावर पडून राहिला तरी कोणाच्या उपयोगी पडता कामा नये.)

पहिल्या रकान्यात जी माहिती बदलता येत नाही किंवा सहसा बदलत नाही ती येते: नाव, जन्मतारीख, पत्ता, आधार क्रमांक, पॅन, खाते क्रमांक, पीपीओ क्रमांक, निवृत्तीची तारीख. ही माहिती कुठे ना कुठे फुटलेली आहे असे धरूनच चालावे. पीपीओ क्रमांकाचेच उदाहरण घेऊ. केंद्र सरकारच्या नागरी निवृत्तिवेतनधारकांचा हा क्रमांक बारा आकडी असतो. त्यातील पहिले पाच आकडे आदेश काढणाऱ्या कार्यालयाचा संकेतांक, पुढचे दोन वर्षाचे, त्यापुढचे चार अनुक्रमाचे आणि शेवटचा पडताळणीचा असतो. म्हणजे हा क्रमांक गुप्त राहावा म्हणून तयारच केलेला नाही. फायलीवर नोंद करण्यासाठी केलेला तो पत्ता आहे, कुलूप नव्हे. तो जो अचूक सांगतो त्याच्याविषयी आदर वाटण्याचे काही कारण नाही.

दुसऱ्या रकान्यात कुलपे येतात: ओटीपी, एटीएमचा पिन, यूपीआयचा पिन, इंटरनेट बँकिंगचा पासवर्ड, कार्डाच्या मागचा तीन आकडी क्रमांक, सिम कार्ड स्वतः, बोटांचे ठसे आणि आपल्या मोबाइलचा पडदा. पडदा या यादीत का, असा प्रश्न पडेल. दुरून मोबाइल पाहण्याची सोय देणारे एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर यांसारखे ॲप चालू असेल, किंवा व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ कॉलवर पडदा सामायिक केला असेल, तर येणारा ओटीपी आपण तोंडाने सांगितला नाही तरी पलीकडचा माणूस तो वाचू शकतो. «मी कोणालाच ओटीपी दिला नव्हता» असे अनेक जण अगदी प्रामाणिकपणे सांगतात, त्यामागे बहुधा हेच असते.

पहिल्या रकान्यातील माहिती बेताने वापरावी. दुसऱ्या रकान्यातील कोणालाही, कोणत्याही कारणाने देऊ नये. येथे घरातल्या मंडळींनाही एक गोष्ट सांगणे भाग आहे. परगावी राहणारी मुले वीजबिल भरण्यासाठी किंवा तिकीट काढण्यासाठी आईवडिलांच्या खात्याचा वापर करतात आणि «बाबा, आता एक नंबर आला असेल, तो सांगा» असे फोनवर म्हणतात. हेतू चांगला असतो, पण फोनवर विचारले, की आकडे वाचून दाखवायचे, ही सवय आपणच वडिलांना लावत असतो. भामट्याला पुढचे काम सोपे जाते. मुलांनी स्वतःच्या खात्यातून पैसे भरावेत.

बाहेर जाणारी माहिती आवरावी

माहिती फुटते म्हणजे प्रत्येक वेळी कोणी मोठ्या संगणकात घुसखोरी केलेली असतेच असे नाही. निवृत्तांच्या व्हॉट्सॲप गटांतून जे काही सुखेनैव फिरत असते, ते पाहिले तर घुसखोरीची गरजच राहत नाही. वाढीव निवृत्तिवेतनासाठी अर्ज करणाऱ्यांची यादी, त्यात नाव, पीपीओ, खाते क्रमांक आणि मोबाइल. निवृत्तिवेतन कमी आल्याची तक्रार करताना टाकलेला पासबुकाच्या पानाचा फोटो. निधन पावलेल्या सभासदाच्या पत्नीला कुटुंबनिवृत्तिवेतन मिळावे म्हणून मदतीसाठी टाकलेली पूर्ण कागदपत्रे. अडीचशे जणांच्या गटात एखाद्याचा मोबाइल चोरीला गेला किंवा गटाची जोडणी-लिंक भलत्याच्या हाती लागली, की हे सारे बाहेर. संघटनेच्या पदाधिकाऱ्यांनी नियमच करावा, की गटात कोणाचाही क्रमांक दिसेल असा कागद टाकायचा नाही; मदत हवी असेल त्याने एका ठरलेल्या माणसाला प्रत्यक्ष भेटावे आणि याद्या कागदावर ठेवाव्यात.

समाजमाध्यमांवर बँकेच्या किंवा कार्यालयाच्या नावाखाली जाहीर तक्रार लिहिताना खाते क्रमांक किंवा पीपीओ कधीही लिहू नये. अशा तक्रारींवर टपून बसलेली तोतया ग्राहकसेवा खाती काही मिनिटांतच «आपली अडचण सोडवतो, क्रमांक पाठवा» म्हणून उत्तर देतात, आणि तक्रारदाराला वाटते, की अखेर कोणीतरी दखल घेतली.

आधारची प्रत द्यावी लागली तर जिथे चालत असेल तिथे झाकलेल्या क्रमांकाचा आधार द्यावा. भारतीय विशिष्ट ओळख प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून तो उतरवून घेता येतो आणि त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. झेरॉक्स प्रतीवर, मजकुरावरून आडवे, ती कशासाठी दिली आणि कोणत्या तारखेला दिली हे पेनाने लिहून सही करावी. सायबर कॅफेत किंवा दुकानात छपाईसाठी फाइल व्हॉट्सॲपने पाठवली असेल तर काम होताच दुकानदारासमोरच ती दोन्हीकडून पुसायला सांगावी. यात संकोच वाटण्यासारखे काही नाही.

आता या पायरीतील सर्वांत महत्त्वाचे काम: बोटांच्या ठशांना कुलूप लावणे. आधारवर चालणाऱ्या भरणा पद्धतीत, म्हणजे गावातील बँक प्रतिनिधीकडील छोट्या यंत्रावर, आधार क्रमांक आणि अंगठा एवढ्यावर खात्यातून रोख रक्कम काढता येते; ओटीपी लागत नाही. ही सोय ज्यांना चालवत नाही, वाचता येत नाही त्यांच्यासाठी फार उपयोगाची आहे, परंतु ठशाची नक्कल करून पैसे काढल्याचे प्रकारही घडले आहेत. आधारच्या अधिकृत ॲपवरून किंवा संकेतस्थळावरून बायोमेट्रिक कुलूपबंद करता येते. त्यासाठी मोबाइल क्रमांक आधारला जोडलेला असावा लागतो. कुलूप लावल्यावर बोट, डोळा आणि चेहरा यांपैकी कशानेही ओळख पटवता येत नाही. गरज पडेल तेव्हा ते तात्पुरते उघडता येते आणि दहा मिनिटांनी पुन्हा आपोआप बंद होते. त्याच ठिकाणी गेल्या सहा महिन्यांत आपला आधार कुठे कुठे पडताळला गेला याचा तपशीलही पाहता येतो. तीन महिन्यांतून एकदा तो पाहण्याचा परिपाठ ठेवावा. आधारविषयी शंका असल्यास १९४७ हा मदतक्रमांक आहे.

फोन आला असता

फोनवर वाद घालू नये, समोरच्याची परीक्षा घेऊ नये, त्याला रागावूही नये. बोलणे जितके लांबते तितकी माहिती निसटते. «होय, मीच बोलतोय» किंवा «नाही हो, माझे खाते त्या बँकेत नाही, या बँकेत आहे» एवढ्याने त्याचा कागद पूर्ण होतो. एकच वाक्य पुरते: «मी उद्या शाखेत येऊन विचारतो.» एवढे बोलून फोन ठेवावा. खऱ्या कर्मचाऱ्याची यात काही अडचण होत नाही. खोटा माणूस मात्र याच क्षणी घाई करू लागतो, आवाज चढवतो किंवा «साहेबांशी बोला» म्हणून फोन दुसऱ्याकडे देतो.

पडताळणी करायची ती आपण केलेल्या फोनने किंवा प्रत्यक्ष जाऊन. क्रमांक घ्यायचा तो पासबुकावरून, कार्डाच्या मागून किंवा कार्यालयाच्या पत्रावरून. गुगलवर «कस्टमर केअर» शोधून मिळालेला क्रमांक वापरू नये, कारण भामटे तिथे आपले क्रमांक पेरून ठेवतात, आणि मग फोन आपणच त्यांना लावलेला असल्यामुळे संशयही येत नाही.

क्रमांक ओळखण्याच्या काही खुणा आता उपलब्ध आहेत. बँका व सरकारी कार्यालये यांच्या सेवाविषयक फोनसाठी १६०० ने सुरू होणारी मालिका ठरवून दिलेली आहे आणि जाहिरातींसाठी १४० ने सुरू होणारी. संदेशांच्या बाबतीत, पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी छोटी आडवी रेघ आणि एक इंग्रजी अक्षर असते: जी म्हणजे सरकारी, टी म्हणजे व्यवहाराचा, एस म्हणजे सेवेचा आणि पी म्हणजे जाहिरातीचा; ही पद्धत मे २०२५ पासून लागू आहे. दहा आकडी साध्या मोबाइल क्रमांकावरून आलेला «आपले पेन्शन खाते बंद होत आहे» हा संदेश त्यामुळे वाचताक्षणीच बाजूला टाकता येतो. तसेच रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली संकेतस्थळे «डॉट बँक डॉट इन» या शेवटाच्या पत्त्यावर नेण्यास सांगितले होते, त्यामुळे बँकेच्या नावाने आलेला दुसऱ्या शेवटाचा पत्ता संशयास्पद मानावा. मात्र या खुणा नकार देण्यासाठी वापराव्यात, विश्वास ठेवण्यासाठी नव्हे. पडद्यावर दिसणारा क्रमांक बनावट असू शकतो. म्हणून १६०० वरून फोन आला तरी ओटीपी सांगायचा नाही तो नाहीच.

घाबरवण्यासाठी वापरले जाणारे हत्यार म्हणजे «आजच केले नाही तर पेन्शन बंद». त्याची धार बोथट करण्यासाठी नियम ठाऊक असावा. हयातीचा दाखला वेळेत दिला गेला नाही, तर निवृत्तिवेतन थांबू शकते, हे खरे. पण दाखला दिल्यानंतर ते पुन्हा सुरू होते आणि थांबलेली रक्कमही थकबाकीसह मिळते. म्हणजे सर्वांत वाईट घडले तरी तो विलंब आहे, कायमचे नुकसान नव्हे. उलट घाईत सांगितलेल्या सहा आकड्यांनी ग्रॅच्युइटी आणि अंशराशीकरणाची (निवृत्तिवेतनाचा काही भाग आगाऊ एकरकमी घेऊन केलेली) ठेव एका दुपारी जाऊ शकते. निवृत्तीच्या वेळी एकरकमी आलेला पैसा हेच तर भामट्यांचे मुख्य लक्ष्य असते; दरमहाच्या निवृत्तिवेतनात त्यांना फारसा रस नसतो.

दुसरे हत्यार आमिषाचे. नव्या वेतन आयोगामुळे वाढणारे निवृत्तिवेतन मोजून देणारा तक्ता, महागाई भत्त्याची थकबाकी, भविष्यनिर्वाह निधीशी जोडलेल्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतील वाढीव निवृत्तिवेतनाचा राहिलेला फरक, अशा बातम्या खऱ्या असतात आणि त्यांच्या आडून आलेली फाइल खोटी असते. नावाच्या शेवटी «डॉट एपीके» असलेली फाइल व्हॉट्सॲपवर आली, मग ती वीस वर्षे सोबत काम केलेल्या सहकाऱ्याने पाठवलेली का असेना, उघडू नये. ते कागदपत्र नसते, ॲप असते, आणि एकदा बसवले, की ते मोबाइलवर येणारे संदेश परस्पर पुढे पाठवू शकते. सहकाऱ्याचा मोबाइल आधीच भामट्यांच्या ताब्यात गेलेला असतो, एवढाच त्याचा दोष.

पोलिसांच्या गणवेशातील माणूस व्हिडिओ कॉलवर येऊन आपल्याला «डिजिटल अटक» केल्याचे सांगत असेल तर फोन तत्काळ ठेवावा. भारतीय कायद्यात असा प्रकारच नाही. मध्येच फोन ठेवला म्हणून कोणीही गुन्हेगार ठरत नाही, आणि घरातल्यांना सांगू नका असे जो बजावतो तो पोलीस नव्हे.

हयातीचा दाखला नेमका कसा द्यावा

हा विषय थोडा विस्ताराने पाहायला हवा, कारण बहुतेक फसवणुकीचे निमित्त हाच दाखला असतो, आणि त्याची खरी पद्धत ज्याला ठाऊक आहे त्याला खोटी पद्धत लगेच खटकते.

महाराष्ट्र राज्य शासनाचे निवृत्तिवेतनधारक नोव्हेंबरमध्ये आपल्या बँकेच्या शाखेत जाऊन, कोषागाराकडून आलेल्या यादीत आपल्या नावासमोर सही करतात. केंद्राच्या निवृत्तिवेतनधारकांसाठीही नोव्हेंबर हाच महिना आहे. ज्यांनी वयाची ८० वर्षे पूर्ण केली आहेत त्यांना १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो. कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५ खालील निवृत्तिवेतनधारकांना मात्र नोव्हेंबरचे बंधन नाही. ते वर्षात केव्हाही दाखला देऊ शकतात आणि तो दिल्याच्या तारखेपासून बारा महिने चालतो. म्हणून या योजनेच्या माणसाला «नोव्हेंबर संपत आला» म्हणून आलेला फोन मुळातच चुकीच्या माहितीवर उभा असतो.

डिजिटल दाखल्याची जीवन प्रमाण ही सुविधा नोव्हेंबर २०१४ मध्ये सुरू झाली. तिचे मर्म असे, की दाखला देताना त्या क्षणी आपले बोट, डोळा किंवा चेहरा आधारच्या नोंदीशी पडताळला जातो. जिवंत असल्याचा पुरावाच द्यायचा असल्यामुळे आपण स्वतः यंत्रासमोर किंवा मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर असावेच लागते. दूरच्या शहरातून कोणी तुमचा ओटीपी ऐकून तुम्ही हयात असल्याचे सिद्ध करू शकत नाही. अर्थात या ॲपमध्ये ओटीपीही येतो. पण तो आपणच आपल्या मोबाइलवर टाकायचा असतो, कोणाला ऐकवायचा नसतो. हा फरक घरातल्या ज्येष्ठांना एकदा प्रत्यक्ष करून दाखवावा, कारण «ओटीपी कधीच येणार नाही» असे सरसकट सांगितले, तर खऱ्या ॲपसमोर ते गोंधळतात आणि मग मदतीसाठी भलत्याच माणसाला विचारतात.

चेहऱ्याच्या पडताळणीने घरबसल्या दाखला द्यायचा असेल तर दोन ॲप लागतात: आधार फेस आरडी आणि जीवन प्रमाण. दोन्ही मोबाइलच्या अधिकृत ॲप दुकानातूनच घ्यावीत, आलेल्या लिंकवरून नव्हे. आधी बायोमेट्रिक कुलूप तात्पुरते उघडावे. ते विसरले, की पडताळणी फसते, माणूस वैतागतो आणि «काहीतरी बिघडले» म्हणून इंटरनेटवर मदतक्रमांक शोधू लागतो, हे मी स्वतः दोनदा पाहिले आहे. चेहऱ्यावर पुरेसा उजेड असावा आणि पाठीमागे खिडकी नसावी. काम झाल्यावर प्रमाण क्रमांक संदेशाने येतो. तो वहीत उतरवून ठेवावा आणि त्यावरून जीवन प्रमाणच्या संकेतस्थळावरून दाखल्याची प्रत उतरवून घ्यावी.

ज्यांना मोबाइल जमत नाही किंवा अंथरुणातून उठता येत नाही, त्यांच्यासाठी पोस्टाच्या पेमेंट्स बँकेचा पोस्टमन घरी येऊन दाखला करून देतो. या सेवेसाठी ७० रुपये आकारले जातात. बोलावणे आपण पोस्टात जाऊन किंवा त्यांच्या सेवेतून नोंदवलेले असावे. न बोलावता दारात आलेल्या माणसाच्या यंत्रावर अंगठा ठेवू नये, मग त्याच्या गळ्यात कोणतेही ओळखपत्र लटकत असो.

मोबाइल आणि खाते यांची मांडणी

निवृत्तिवेतन जमा होणारे खाते आणि रोजच्या खर्चाचे खाते वेगळे ठेवावे, ही मला सर्वांत उपयोगी वाटणारी एक व्यवस्था आहे. निवृत्तिवेतनाच्या खात्याला यूपीआय जोडू नये आणि त्याच्या एटीएम कार्डावरील ऑनलाइन व आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद करून ठेवावेत. दर महिन्याला लागेल तेवढीच रक्कम दुसऱ्या खात्यात वळती करावी आणि यूपीआय त्या खात्यावर चालवावे. चूक झालीच, तर नुकसान त्या महिन्याच्या खर्चापुरते राहते. मुदत ठेवी त्याच इंटरनेट बँकिंगमध्ये दिसत असतील तर त्या ऑनलाइन मोडता येतात, हेही लक्षात घ्यावे. शाखेत विनंती करून इंटरनेट बँकिंग केवळ पाहण्यापुरते ठेवता येते का, ते विचारावे. पुष्कळ बँकांत तशी सोय असते.

यूपीआयविषयी एवढेच पुरे, की पैसे स्वीकारताना पिन कधीच लागत नाही. पैसे स्वीकारण्यासाठी पिन टाकायला किंवा कोणताही चौकोनी कोड स्कॅन करायला जो सांगतो, तो आपल्या खात्यातून पैसे काढत असतो.

सिमकडे लक्ष असावे. इतरांच्या मोबाइलला रेंज असताना आपला बराच वेळ नेटवर्कविना असेल, तर आपल्या नावाने दुसरे सिम निघाले असण्याची शक्यता असते. अशा वेळी दुसऱ्याच्या फोनवरून लगेच मोबाइल कंपनीला आणि बँकेला कळवावे. दूरसंचार विभागाच्या संचार साथी संकेतस्थळावर आपल्या नावावर किती मोबाइल जोडण्या आहेत ते पाहता येते आणि अनोळखी क्रमांक कळवता येतो. संशयास्पद फोन व संदेश कळवण्यासाठीची चक्षू ही सोयही तिथेच आहे. कोणी फोनवरून तारा (*) किंवा हॅश (#) ही चिन्हे असलेला क्रमांक दाबायला सांगितला तर दाबू नये, त्याने आपले कॉल दुसरीकडे वळू शकतात.

मोबाइलचा पडदा बंद असतानाही संदेशातील मजकूर वर झळकतो. तो सेटिंगमधून लपवावा. पिन आणि पासवर्ड मोबाइलमधील टिपणांत किंवा संपर्कयादीत «एटीएम मावशी» अशा नावाने जपून ठेवू नयेत. ही युक्ती सगळ्यांनाच सुचते, चोरालाही. ओळखीचा आवाज पैसे मागत असेल, अपघात झाला म्हणत असेल, तर तो फोन ठेवून आपल्याकडे आधीपासून असलेल्या क्रमांकावर स्वतः फोन करावा, कारण आवाजाची हुबेहूब नक्कल आता यंत्राने करता येते.

हातून चूक झालीच तर

ओटीपी सांगून झाला आणि मग मनात पाल चुकचुकली, तर पहिली काही मिनिटे सर्वांत मोलाची असतात. मोबाइलचे इंटरनेट बंद करावे, म्हणजे एखादे ॲप बसले असेल तर त्याचा संपर्क तुटेल. मग दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून कार्ड, यूपीआय आणि इंटरनेट बँकिंग थांबवावे. त्यानंतर लगेच १९३० हा राष्ट्रीय सायबर मदतक्रमांक लावावा. तो लागला नाही तर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. पैसे एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात झरझर फिरवले जातात. तक्रार जितकी लवकर, तितकी वाटेतच रक्कम रोखली जाण्याची शक्यता अधिक. तक्रारीसाठी आपला खाते क्रमांक, व्यवहाराचा क्रमांक, रक्कम, वेळ आणि ज्या क्रमांकावरून फोन आला तो, एवढे हाताशी ठेवावे. म्हणून संदेश पुसू नयेत, लाज वाटते म्हणून तर मुळीच नव्हे. पोरांना कळले तर काय म्हणतील, या विचारात रात्र घालवलेली माणसे मला माहीत आहेत. त्या रात्रीतच पैसे हाताबाहेर गेले. घरच्यांनीही त्या वेळी उलटतपासणी घेऊ नये.

बँकेला लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी घालून दिलेल्या नियमांत ग्राहकाची जबाबदारी कशी ठरते ते सांगितले आहे. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, तिसऱ्याच कोणाची आहे, अशा अनधिकृत व्यवहाराची माहिती बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत दिली, तर ग्राहकावर काहीही भार पडत नाही. चार ते सात कामकाजाच्या दिवसांत दिली, तर ठरावीक मर्यादेपर्यंत पडतो. ग्राहकाने स्वतःच ओटीपी किंवा पिन दिला असेल, तर कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे असते, मात्र कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेचे. याचा व्यवहारातील अर्थ असा, की स्वतःची चूक असली तरीही कळवण्यात एक तासही दवडू नये आणि कळवल्याची वेळ पोचेवर नोंदवून घ्यावी. तक्रारीवर बँकेने ३० दिवसांत समाधानकारक उत्तर दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

मोबाइलमध्ये संशयास्पद ॲप बसले असल्यास आवश्यक पुरावे दुसरीकडे घेऊन मगच तो मूळ स्थितीत आणावा. पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ मोबाइलवरून बदलावेत. पीपीओ क्रमांक आणि खाते क्रमांक भामट्यांकडे गेले असल्याचे कोषागाराला किंवा निवृत्तिवेतन देणाऱ्या कार्यालयाला एका ओळीच्या अर्जाने कळवावे, म्हणजे बँक खाते बदलण्याचा खोटा अर्ज तिथे आला तर ते सावध असतील. ही पायरी बहुतेक जण गाळतात.

त्यानंतर काही आठवड्यांनी आणखी एक फोन येण्याची शक्यता असते. या वेळी बोलणारा स्वतःला सायबर शाखेचा अधिकारी किंवा वकील म्हणवतो, गेलेली रक्कम सापडली आहे असे सांगतो, आपल्या तक्रारीचा तपशीलही वाचून दाखवतो आणि रक्कम परत मिळवण्यासाठी काही हजार रुपये प्रक्रिया शुल्क मागतो. एकदा फसलेल्या माणसांची नावे भामटे एकमेकांना विकतात. त्यालाही तेच उत्तर द्यावे, की उद्या ठाण्यात येऊन विचारतो, आणि दुसऱ्या दिवशी तक्रारीची पोच घेऊन खरोखरच ठाण्यात जावे.